आत्याची काडेपेटी

कापडाची जात ओळखण्याची विद्या सरकारने १९८८ साली कलमा-पोटकलमांत बसवली तेव्हाच ती या देशात प्रथम अवतरली, असा ज्यांचा समज असेल त्यांना आमच्या थोरल्या आत्याचा सहवास घडला नव्हता, एवढेच मी म्हणेन. वाईच्या आमच्या वाड्यात कोणतेही नवे वस्त्र आले, मग ते लग्नाच्या आहेरातले असो, भाऊबिजेच्या ओवाळणीतले असो वा कोणी काशीहून येताना आणलेले असो, की ते प्रथम आत्यापुढे रुजू होई; आणि आत्या, मुरलेल्या मामलेदाराने दस्तऐवजावरचा शिक्का उजेडात धरून पाहावा त्याप्रमाणे, ते वस्त्र उलटे करी, आतल्या दुमडीतून नखाने एक दोरा उपसून काढी, आणि समईच्या ज्योतीला असली कामे सांगणे निषिद्ध असल्यामुळे कनवटीची काडेपेटी काढून तो दोरा पेटवी. मग तो विझवून नाकाशी धरी, उरलेली राख चिमटीत चुरडी, आणि निकाल देई. ‘केस जळला’ म्हणजे वस्त्र सोवळ्यात दाखल. ‘कागद जळला’ म्हणजे त्याने माजघराच्या उंबरठ्याबाहेर राहावे. या निकालावर अपील नव्हते. आणलेल्या वस्तूचे बिल दाखवून दाद मागण्याचा प्रयत्न एकदा धाकट्या काकांनी केला, तेव्हा आत्याने त्या बिलाचाही कोपरा जाळून पाहिला आणि ‘हाही कागदच’ असा शेरा मारला.

पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्राशी माझा परिचय झाल्यावर एक गोष्ट ध्यानात येऊन मी थक्क झालो, ती ही की आत्याचे न्यायदान अक्षरशः शास्त्रशुद्ध होते. रेशीम आणि लोकर हे तंतू प्राणिज. त्यांचे द्रव्य प्रथिनांचे, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसांच्या भावकीतले, आणि म्हणून जळताना वास येतो तो केसांचा. ज्योत दूर केली की ते बहुधा आपण होऊन विझतात, आणि मागे राहणारा काळा मणी बोटांनी चुरडला जातो. कापूस, ताग आणि जवसाच्या खोडापासून निघणारे क्षौम हे वनस्पतिज. त्यांचे द्रव्य सेल्युलोज, म्हणजे कागदाचेच सख्खे भावंड, आणि म्हणून ते कागदासारखे भडकतात व मऊ करडी राख मागे ठेवतात. सोवळ्याच्या शास्त्राने कद, मुकटा, पीतांबर व धाबळी यांना स्पर्शदोष नाही असे ठरवले आणि सुती वस्त्राला मात्र रोज धुऊन, काठीने उंच वलणीवर टाकून, कोणाचा हात लागणार नाही अशा बेताने वाळवण्याची सक्तमजुरी सांगितली, तेव्हा त्या शास्त्रकारांनी प्रथिने आणि सेल्युलोज यांच्यामधली सीमारेषाच, नकळत का होईना, आखून ठेवली होती. त्या सीमेवर वाड्यातला जकात नाका आत्याचा होता.

या व्यवस्थेतला अडचणीचा भाग मी एकदा तिच्यापुढे मांडला. रेशमाचा कोश न तुटता उलगडायचा तर आतला किडा पतंग होऊन बाहेर पडण्यापूर्वीच तो कोश कढत पाण्यात वा वाफेत घालावा लागतो, तेव्हा कुठे शेकडो मीटरांचा अखंड धागा हाती येतो. अशा हजारो जीवांना शिजवून विणलेले वस्त्र नेसून आपण नैवेद्याला कांदासुद्धा वर्ज्य करतो, हे कसे? आत्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि ‘तुला कोणी सांगितलं उघडून बघायला?’ एवढेच विचारले. पुढे पुष्कळ वर्षे मी निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळ्या नियमांचा खुलासा मागत हिंडलो, आणि तेथील उत्तरे लांबीने मोठी असली तरी आशयाने हीच असत.

धुलाईच्या सूचना वस्त्रासोबत कायमच्या जोडल्या पाहिजेत असा नियम अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने १९७१ साली केला, आणि त्या राष्ट्राला ग्राहकहिताची केवढी दृष्टी आहे याविषयी आपल्याकडील सुशिक्षितांनी पुष्कळ कौतुक केले. ज्यांनी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय वरवर तरी चाळला असेल, त्यांना हे कौतुक आवरते घेता आले असते. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने धुवावी, कुतप नावाची केसाळ घोंगडी रिठ्याने धुवावी, अंशुपट्ट श्रीफळाने आणि क्षौम पांढऱ्या मोहरीने स्वच्छ करावे, असा तंतुवार तपशील तिथे दिलेला आहे. उणीव एवढीच की तो कापडाला टाचलेला नाही. (तेथील श्रीफळ म्हणजे बेलफळ, हे सांगणे अवश्य आहे, नाहीतर एखाद्या सत्कारमूर्तीला शाल आणि नारळ ही धुवायची वस्तू आणि धुण्याचे साधन अशी जोडी म्हणून देतात, असा गैरसमज व्हावयाचा.)

आणि हा तंतूंचा कायदेकानू एकट्या आमच्याच धर्माने केला असेही नाही. लोकर आणि क्षौम एकत्र विणलेले वस्त्र अंगावर घालू नये अशी आज्ञा यहुद्यांच्या तोरेत आहे. मुसलमान पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य. परंतु नवाबी ऐश्वर्य आणि शरियतीची आज्ञा या दोहोंना एकाच अंगरख्यात सुखाने नांदवण्याची जी युक्ती विणकरांनी काढली, तिच्यापुढे आमच्या वकिलांनीही हात जोडावेत. त्या कापडाचे नाव मशरू. शब्दाचा अर्थच मुळी ‘शरियतीला मान्य’ असा. म्हणजे माल, त्याची खूण आणि कायद्याचा अभिप्राय हे तिन्ही एकाच शब्दात. बाहेरून पाहावे तो रेशमी झळाळी, आणि अंगाला लागते ते मात्र सूत. वाचक विचारील, हे साधले कसे? त्यासाठी विणीचे थोडे पुराण सांगणे प्राप्त आहे.

मागावर उभा ताणलेला तो ताणा, आणि धोट्यातून आडवा येरझाऱ्या घालतो तो बाणा. बाण्याने एका धाग्याच्या वरून जावे, दुसऱ्याच्या खालून, परत येताना उलट करावे, ही साधी वीण. बुरुडाची टोपली, दारावरचा तट्ट्या, मलमल, खादी, मांजरपाट ही सगळी याच सरळमार्गी संप्रदायाची. (मांजरपाटाचा मांजराशी काडीचा संबंध नाही, आंध्रातल्या मादपोल्लम गावच्या कापडाचे नाव आमच्या जिभेवर आधी मादरपाट झाले, आणि मग त्याला शेपूट फुटले, असे म्हणतात.) दुसरी वीण तिरकस. हिच्यात बाणा एकाऐवजी दोन-तीन धागे ओलांडतो आणि प्रत्येक ओळीत एकेक घर पुढे सरकतो, त्यामुळे कापडावर कर्णरेषा उमटतात आणि धागे दाटीने बसल्यामुळे कापड चिवट होते. शिपायांच्या गणवेशाचे ड्रिल, साहेबाचे गॅबर्डीन आणि हल्ली गुडघ्यावर मुद्दाम फाडून अधिक किमतीस विकतात ती जीन यांचे रहस्य हेच. जी वीण वाकड्या चालीने चालते तीच अधिक टिकते, हे निरीक्षण मी फौजदारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या एका स्नेह्यांना ऐकवले, तेव्हा त्यांना त्यात नवे काहीच वाटले नाही.

तिसरी वीण साटीनची. येथे धागा चार-चार, सात-सात धाग्यांवरून बेदरकार तरंगत जातो आणि मग कुठेतरी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी, एकदाच खाली बुडी मारून स्वतःला बांधून घेतो. वर पसरलेल्या त्या लांब लांब धाग्यांवरून उजेड घसरतो, तीच साटीनची झळाळी. आणि बांगडीत अडकून प्रथम उसवतात तेही हेच धागे. मशरूत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा घेऊन अशीच वीण घालतात. रेशीम जवळजवळ सगळे वर तरंगत राहते, सूत खालच्या अंगाला जमा होते, आणि मौलवीसाहेब व आरसा दोघेही एकाच वेळी समाधानी होतात. दख्खनमध्ये औरंगाबादेच्या मागांवर मशरू आणि त्याचे भावंड हिमरू ही दोन्ही विणली जात. आत्याच्या एका मैत्रिणीकडे हिमरूचा एक तुकडा होता. आत्याने त्याचे दोन ठिकाणचे दोन दोरे जाळले. एकाचा केस निघाला, दुसऱ्याचा कागद. ‘अर्धा सोवळा, अर्धा ओवळा,’ ती म्हणाली, आणि तो तुकडा तिने देवघर आणि माजघर यांच्यामधल्या कोनाड्यात ठेवायला सांगितला.

इंग्रज सरकारला कापडाच्या पावित्र्याशी कर्तव्य नव्हते. त्याचे लक्ष लांबीवर होते. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स ॲक्टान्वये हिंदुस्थानातल्या गिरण्यांनी आपल्या प्रत्येक ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी अंकांत आणि ठळकपणे छापणे बंधनकारक झाले. (१८८९ आणि १९८८ यांत तेच चार अंक इकडचे तिकडे झाले आहेत, सरकारी सुधारणांचे बहुधा असेच असते.) कावसजी दावरांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाल्यापासून गिरणगावात धुराडी उगवत गेली होती, तेव्हा ठसे मारायला कापड मुबलक होते, परंतु ज्या कुणब्यासाठी ते इंग्रजी आकडे छापले जात तो मोडीसुद्धा वाचत नसल्यामुळे, ठशाकडे न पाहता कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या आपल्या वंशपरंपरागत मापाने तो तागा दुकानाच्या ओट्यावरच मोजून घेई, आणि दुकानदाराचा हात आपल्या हातापेक्षा आखूड आहे हे सिद्ध करण्यात दोन प्रहर घालवी. वजनाची गोष्ट निराळी. मांजरपाटाला भरपूर खळ दिली की विरळ कापडही कडक, जाड आणि खानदानी दिसू लागते. पहिल्या धुण्यात खळ नदीत वाहून जाते आणि मालकाच्या हाती औषध गाळण्यास योग्य असे एक जाळीदार फडके उरते. कृष्णेच्या घाटावर अशी वस्त्रे धुताना बायका जे बोलत, ते ऐकायला कायदा करणारे कोणी हजर नसत.

आत्याच्या राज्याला पहिला सुरुंग लागला तो १९६४ च्या सुमारास, माझ्या चुलतभावाच्या मुंजीत. मुंबईच्या एका काकांनी बटूसाठी केशरी रंगाचा पीतांबर आणला होता, आणि तो इतका झळझळीत होता की मांडवातल्या मंडळींनी आधी काकांच्या पगाराची आणि मग त्यांच्या कर्जाची चौकशी केली. आत्याने काडी ओढली. दोरा कागदासारखा भुरकन जळून गेला. मांडवात शांतता पसरली. काका घामाघूम होऊन सांगू लागले, ‘आत्या, आर्ट सिल्क आहे ते!’ आत्याला इंग्रजी येत नव्हते, पण नावात दोन शब्द कशाला लागतात हे तिला बरोबर कळत होते.

मी तेव्हा नुकताच रसायनशास्त्राचा विद्यार्थी झालो होतो, आणि नवशिक्याचा उत्साह मूर्खपणाच्या फार जवळ राहत असल्यामुळे मी मध्ये तोंड घातले. हे आर्ट सिल्क म्हणजे रेयॉन. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रजांनी १८९२ मध्ये लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून बारीक छिद्रांतून धाग्याच्या रूपाने पुन्हा घट्ट करण्याची कृती शोधली, तिचे हे फळ. म्हणजे हे वस्त्र झाडापासून झाले. झाडापासून झालेले वस्त्र ते वल्कल. आणि वल्कले तर प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांनी नेसली, मग ती पीतांबराहूनही पवित्र का मानू नयेत? माझ्या या युक्तिवादावर भटजींनीही मान डोलावली. आत्या म्हणाली, ‘वल्कलं नेसणारे झाडाखाली राहत होते. तू आधी माडी सोड.’ बटूला अखेर आजोबांचा जुना कद चार घड्या घालून नेसवण्यात आला, आणि भिक्षावळीत तो तीनदा सुटला.

(तो वाद पुढे अमेरिकेतही झाला. बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ कपडे हे बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेले रेयॉन होय, तेव्हा त्यांस तसे म्हणावे, असे सांगत २००९ साली त्याच फेडरल ट्रेड कमिशनने काही विक्रेत्यांवर कारवाई केली. आमच्या बाजारात बांबूचे पायमोजे अजूनही बांबूचे म्हणूनच मिळतात, आणि घेणाऱ्याला आपल्या पायांना कोकणातली सावली लाभल्याचा भास होतो.)

परंतु रेयॉन निदान कागदासारखे जळत तरी होते. मँचेस्टरात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये शोधलेले टेरिलीन जेव्हा आमच्या वाड्यात पँटीच्या रूपाने प्रविष्ट झाले, तेव्हा आत्याच्या आयुष्यात प्रथमच काडी विझल्यावरही निकाल लागला नाही. दोरा जळण्याऐवजी वितळला, ज्योतीपासून मागे सरकला, काळा धूर सोडून त्याची एक टणक गोळी झाली. ती चिमटीत चुरडेना, दगडाने फुटेना, आणि तिचा वास ना केसाचा ना कागदाचा, कसलासा गोडसर. आत्याने ती गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. खनिज तेलापासून हा धागा होतो हे मी सांगितले, तेव्हा तिने विचारले, ‘रॉकेलच्या दुकानात मिळतं का?’ टेरिलीनची इस्त्री मोडत नसे, पावसात भिजले तर बसल्याबसल्या वाळत असे, आणि शेजारच्याच्या विडीची ठिणगी पडली तर काठाला कडक मणी असलेले एक वाटोळे भोक तहहयात मिळत असे. मागाहून टेरिकॉट आले. सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर आणि तेहतीस टक्के कापूस एकाच धाग्यात पिळलेले. आत्याने तेही जाळले. कागद जळाल्याचा वास आला आणि गोळीही झाली. गीतेच्या पहिल्या अध्यायातला वर्णसंकर डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे तिने काडेपेटी मिटली, आणि त्या दिवसापासून ती फक्त चूल पेटवण्याकडे वापरली.

आत्यानंतर ही जागा भरण्याचे काम मुंबईच्या वस्त्रोद्योग आयुक्तांकडे आले, असे म्हणावयास हरकत नाही. १९४३ साली, युद्धामुळे कापड दुर्मिळ झाले असता, निर्माण झालेले हे पद. आणि त्याच कचेरीतून १९८८ साली निघालेल्या ग्राहक संरक्षणाच्या विनियमांनी कारखानदाराला फर्मावले की कापडात कोणता तंतू किती टक्के, ते त्याने कापडावरच छापून सांगावे. रेशमासाठी २००४ साली केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने चमचमणारी सिल्क मार्कची चिठ्ठी आली, हातमागाला २००६ साली त्याची मुद्रा मिळाली, आणि पैठणीने २०१० साली आपल्या गावाचे नाव कायद्याने परत मिळवले. उद्देश उत्तम. परंतु जो मजकूर ताग्याच्या काठावर छापतात, तो काठ शिंपी प्रथम कापून टाकतो. आणि तयार कपड्यात ती चिठ्ठी शिवतात ती मानेच्या मागे, म्हणजे मनुष्याला स्वतःच्या देहाचा जो भाग जन्मभर दिसत नाही नेमक्या त्याच भागावर. तिथे ती बसते आणि टोचते. शंभर टक्के मऊ कापसाच्या सदऱ्याला, तो शंभर टक्के मऊ कापसाचा आहे असे सांगणारी ही चिठ्ठी इतक्या राठ नायलॉनची का असावी, हे कोडे मला उलगडलेले नाही. पहिल्याच दिवशी आपण कात्री मागतो. मी स्वतः आजवर किती चिठ्ठ्या न वाचता कापल्या असतील त्याची गणती नाही. एकदा तर चिठ्ठीबरोबर सदराही कापला गेला, आणि तो रफू करणाऱ्याने विचारले, ‘साहेब, कापड कुठलं आहे हे?’

मागल्या वैशाखात पुतण्याची वास्तुशांत झाली. यजमान म्हणून तो, आणि घरातले वडील म्हणून मी, असे आम्ही दोघे होमाला बसणार होतो. आजोबांचा कद घडीवर विरून गेल्याला आता वीस वर्षे होत आली, तेव्हा पुतण्याने एका दुकानातून माझ्यासाठी शिवलेले सोवळे आणले. ते नेसावे लागत नाही, चढवावे लागते. कमरेला लवचिक पट्टी, निऱ्या कायमच्या शिवलेल्या, आणि उजव्या बाजूला मोबाइल ठेवण्यासाठी एक खिसा. रंग कुंकवाहून लाल, झळाळी आरशासारखी, म्हणजे वीण साटीनची हे मी तत्काळ ओळखले. आत्याचे रक्त अंगात असल्यामुळे मी चष्मा लावला आणि कमरेच्या आत शिवलेली चिठ्ठी आयुष्यात प्रथमच सविस्तर वाचली. शंभर टक्के पॉलिएस्टर. थंड पाण्यात धुवावे. पिळू नये. इस्त्री कोमट. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत: आगीपासून दूर ठेवावे.

मी ती चिठ्ठी पुतण्याला दाखवली. तो म्हणाला, ‘काका, मुहूर्त टळतोय.’

होम पेटला. गुरुजी तरुण होते, आवाज खणखणीत होता, आणि तुपाच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता. मी शक्य तितका मागे सरकून बसलो. गुरुजी दर चार मंत्रांनी ‘यजमान, पुढे या’ म्हणत, आणि मी दर तीन मंत्रांनी मागे जाई. बाराव्या की तेराव्या आहुतीला एक समिधा तडकली, एक ठिणगी उडाली आणि माझ्या मांडीवर बसली. मी ती झटकली, परंतु तेवढ्यात सोवळ्याला एक वाटोळे भोक पडले होते. काठाला काळा कडक मणी, आणि वास तोच तो गोडसर, ना केसाचा ना कागदाचा. मी चमकून आजूबाजूला पाहिले. गुरुजींची नजर त्या भोकावर होती. मग ती हळूच त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याकडे वळली, जिथे तसल्याच लाल झळाळीत, तसल्याच काळ्या काठाची, तीन भोके आधीपासूनच होती.

‘केवढ्याला पडलं?’ दोन आहुतींच्या मधल्या जागेत, ओठ न हलवता त्यांनी विचारले.

‘साडेसातशे.’

‘मला सहाशेला दिलं त्यानं,’ गुरुजी म्हणाले, आणि पुढच्या ‘स्वाहा’ला त्यांनी पळीभर तूप जरा जपूनच सोडले.